स्टोनकृत शस्त्रकोश व ठासणीचे गज

जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा शस्त्रास्त्रांचा इंग्रजी कोश १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व देशांचीं व सर्व काळांचीं हत्यारें एका ग्रंथांत आणण्याचा हा उद्योग प्रशंसनीय असून संग्राहकांस तो आजही उपयोगी आहे. परंतु मांडणी वर्णानुक्रमाची असल्यामुळें हत्यार एका ठिकाणीं व तें भरण्याचीं साधनें दुसऱ्या ठिकाणीं, अशी फारकत होते. एगर्टन यांची १८८० ची हिंदी शस्त्रांची प्रांतवार मांडणी आम्हांस या दृष्टीनें अधिक बोधक वाटते.

चकमकीच्या पिस्तुलाविषयीं ही फारकत विशेष बाधक होय. बारूददान, रंजकदान व गज यांवांचून तें मुकें असतें. गज ही क्षुल्लक वस्तु नव्हे. प्रशियानें लाकडी गज टाकून लोखंडी घेतला, व १७४१ च्या मोल्वित्झच्या लढाईंत त्याच्या पायदळाच्या जलद माऱ्यास त्याचें साहाय्य झालें. युरोपीय पिस्तुलांत गज बहुधा नळीखालच्या खोबणींत असे. पुढें तो स्वाराच्या हातून पडूं नये म्हणून इंग्रजी लष्करी पिस्तुलांत नळीसच फिरत्या कडीनें जखडूं लागले. याउलट बाल्कन प्रांतांतील पुष्कळ पिस्तुलांस खोबणच नसते. नळीखालीं दिसणारा दांडा केवळ शोभेचा. खरा गज, ज्यास 'सुमा' म्हणत, तो निराळा अंगावर अडकविलेला असे.

हा भेद न जाणणारा संग्राहक अशा पिस्तुलापुढें 'गज गहाळ' असा शेरा मारतो, आणि पुढील मालक नवी खोबण कोरून त्यांत नवा गज बसवितो. पोथीचीं हरवलेलीं पानें नव्यानें लिहून जुन्यांत मिसळावीं, त्यांतलाच हा प्रकार. पुरावा पूर्ण न होतां भ्रष्ट मात्र होतो.

आमच्याकडे तोड्याच्या बंदुकाच अधिक काळ प्रचारांत राहिल्या. चकमकीचीं पिस्तुलें त्या मानानें थोडीं. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, आणि १८७८ च्या कायद्यानें हत्यार बाळगण्यास परवाना लागूं लागला. त्या राज्यांतील भंडारा प्रांतीं, करडीसारख्या गांवीं, एखाद्या जुन्या वाड्यांत असें पिस्तूल आढळल्यास शोधकानें जवळची गंजलेली सळई व रिकामें शिंगही हातचें जाऊं देऊं नये. खोबण मूळची आहे काय, गज नळीच्या तळापर्यंत पोंचतो काय, आणि कोणतीं साधनें त्याच जागीं सांपडलीं, हें आधीं टिपावें. एवढें टिपण असेल तर कोशाची उणीव संग्राहकाच्या वहींत भरून निघेल. नसेल तर ती कोणत्याही कोशास भरून काढतां येणार नाहीं.