नंदू आणि शिरूरच्या मुली

'चौकट राजा' (१९९१) आज मोबाइलवर पाहिला तरी डोळ्यांत पाणी येतं. दिलीप प्रभावळकरांचा नंदू अंगाने वाढतो, मनाने लहानच राहतो. संजय सूरकरांचा हा सिनेमा त्याला मैत्रीचा हक्क देतो, हे त्याचं मोठेपण. माझा आक्षेप आपल्या पाहण्यावर आहे. 'मनाने लहानच' म्हटलं की आपण माया करतो आणि विचारणं बंद करतो.

सिनेमानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, आमच्याच पुणे जिल्ह्यात याचं टोक दिसलं. मोरगावकरांना शिरूर म्हणजे रांजणगावच्या महागणपतीचा तालुका. तिथल्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली गेली. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर शस्त्रक्रिया थांबल्या, पण काहींच्या होऊन गेल्या होत्या.

कारणं दोन सांगितली गेली. मुलींना पाळीची स्वच्छता जमत नाही, आणि गर्भ राहण्याची भीती. पहिली अडचण खरीच आहे. घरी अशी मुलगी सांभाळणारी आई ती रोज झेलते. पण त्यावर जादा आया, पॅड आणि रोजची शिकवण हेही उपाय होते. दुसरं कारण तर भयंकर आहे. गर्भाशय काढून बलात्कार थांबत नाही, फक्त तो उघडकीला येत नाही. सर्व्हरचा अलार्म बंद करून बिघाड दुरुस्त झाला म्हणण्यासारखं हे.

अमेरिकेत सिएटलला २००४ साली सहा वर्षांच्या अ‍ॅश्लीचं गर्भाशय काढलं, औषधं देऊन तिची वाढही थांबवली. तो निर्णय तिला घरी सांभाळणाऱ्या आईवडिलांचा होता. त्यावरही जगभर वाद झाला, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय गर्भाशय काढायला नको होतं, हे रुग्णालयाने नंतर मान्य केलं. शिरूरला मात्र सांभाळणारं सरकार, निर्णय घेणारं सरकार आणि शस्त्रक्रिया करणारं रुग्णालयही सरकारीच. मुलीच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कोण होतं?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो: स्वतःच्या मुक्त, समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणालाही वंध्यत्व येईल असा उपचार करायचा नाही. मोजकेच शब्द येणाऱ्या मुलीची संमती घ्यायला वेळ लागतो, चित्रं लागतात, ओळखीचं माणूस लागतं. आपल्या पडद्यावर नंदू आला, तशी ती मुलगीही यायला हवी. पाळी आलेली, चिडणारी, 'नको' म्हणणारी. तिच्यावर माया करणं नंदूइतकं सोपं जाणार नाही.