लिलीनंतरचा ब्लड कॅन्सर

'अँखियों के झरोखों से' (१९७८) मधली लिली ब्लड कॅन्सरने जाते आणि सचिनचा अरुण मागे उरतो. सिनेमा प्रामाणिक आहे. पण अशा सिनेमांनी आपल्याला या आजाराची एकच गोष्ट शिकवली: निदान झालं की निरोप.

म्हणून आज वराळ्यातल्या एखाद्या तरुणाच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' लिहून आलं, तर घरच्यांना आधी लिलीच आठवेल. या आजाराचं चित्र मात्र २००१ साली इमॅटिनिब आल्यापासून बदललंय. रोजची गोळी घेऊन कित्येक जण वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतात. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे स्वस्त भारतीय गोळ्याही बाजारात टिकल्या.

या जगण्यातलं नाट्य वेगळं आहे. तळेगावहून लोकल पकडून तपासणीला जायचं, आकडा कळेपर्यंत जीव टांगणीला. बरं वाटलं तरी मनानं गोळी थांबवायची नाही. लग्नाचं स्थळ आलं तर कधी सांगायचं? चेहऱ्यावर काही दिसत नाही, म्हणून थकवा कुणाला पटत नाही.

यात मरणाचा प्रसंग नाही, म्हणून पटकथाकारांना ही गोष्ट दिसत नसावी. नुकतंच निदान झालेल्याला मात्र तीच हवी असते.