घाव, अंक आणि शब्द

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांच्या नियमपुस्तकांचा विचार समीक्षेच्या नियतकालिकात करावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. दोन वर्षांपूर्वी अशा एका पुस्तकाच्या मराठी भाषांतराचे काम माझ्याकडे आले, तोवर मलाही तसेच वाटत असे. या खेळांत चारपाच माणसे एकत्र बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग चालवितो. आणि पुढे काय घडेल याविषयी जेथे शंका असेल तेथे फासे टाकले जातात. नियमपुस्तक हे या सामुदायिक कथनाचे व्याकरण होय. कोणती कथा सांगता येईल आणि कोणती येणार नाही, हे पुष्कळ अंशी तेच ठरविते. या व्याकरणातील इजेचे नियम, म्हणजे पात्रावर वार झाल्यास त्याचे काय होते हे सांगणारे प्रकरण, मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. आणि पुष्कळ पुस्तकांत तेच सर्वांत कमी विचाराने लिहिलेले आढळते.

माझी पहिली अडचण शब्दाची होती. इंग्रजी पुस्तकांतून सर्वत्र येणारा शब्द 'डॅमेज' हा. त्याला सरळ प्रतिशब्द 'नुकसान'. परंतु मराठीत नुकसान होते ते पिकाचे, घराचे, फार तर अब्रूचे. तलवारीचा वार बसलेल्या माणसाचे 'आठ नुकसान' झाले असे लिहिले, तेव्हा पुरानंतरचा पंचनामा वाचीत असल्याचा भास झाला. माणसाच्या देहासाठी आपल्या भाषेने निराळी शब्दसंपत्ती राखून ठेवली आहे. खरचटणे, मुका मार, दुखापत, इजा, जखम, घाव, व्रण यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी निमूटपणे बसत नाही. मुक्या मारात रक्त नसते. घावात शस्त्र व ते चालविणारा हात अध्याहृत असतो. व्रण मागे राहतो. 'हानी' हा शब्द मी काही दिवस वापरून पाहिला, आणि मग माझ्या लक्षात आले की दोष प्रतिशब्दाचा नाही. मूळ कल्पनाच देहाची नव्हती.

ती कोठून आली हे पाहणे उद्बोधक आहे. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ याने सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यात तुकड्यांची हानी फाशांच्या साहाय्याने ठरविली जाई. तुकडीच्या बाबतीत हे गणित सर्वथा योग्य आहे. शंभर शिपायांतील तीस पडले तर सत्तर उरतात, आणि उरलेले सत्तर लढू शकतात. जहाजाचेही तसेच. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्न्सन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ निघाला. त्यातील 'हिट पॉइंट' नामक अंकांची कल्पना अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या खेळावरून आपण घेतली, असे आर्न्सन यांनी नंतर सांगितले आहे. त्यांना तसे करावे लागले याचे कारण अगदी मानवी आहे. १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धखेळात सामान्य शिपाई एका यशस्वी वारात मरत असे. शिपायांच्या रांगा हलविणाऱ्यास त्याचे काही वाटत नसे. परंतु ज्याने एकाच पात्राला नाव दिले, त्याचा स्वभाव कल्पिला, त्याला ते पात्र पहिल्याच फाशात गेलेले सोसवेना. म्हणून जहाजाचे गणित माणसाला देण्यात आले. अनेकांच्या समुदायाला शोभणारी वजाबाकी एका देहाला लावली गेली, आणि या खेळांतील इजेच्या नियमांचा पुढील इतिहास म्हणजे त्या उसनवारीशी चाललेले भांडण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या अंकांचा परिणाम कथेवर काय होतो? साठ अंकांचा वीर एकावर आला तरी साठ असताना धावत होता तसाच धावतो, तितक्याच नेमाने तलवार मारतो. आणि तो शेवटचा एक गेला की कोसळतो. मधल्या एकोणसाठ अंकांना स्मरण नाही. ही विसंगती गायगॅक्स यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात त्यांनी खुलासा केला की हे अंक केवळ मांसरक्ताचे माप नसून त्यांत कौशल्य, दैव आणि दैवी कृपा यांचाही अंतर्भाव आहे. खुलासा चतुर आहे, पण त्याच खेळातील हलक्या जखमा बऱ्या करणारा मंत्र एक ते आठ अंक परत देतो. पाच अंकांचा नवखा शिपाई मरणोन्मुख असला तर त्या मंत्राने ठणठणीत होऊ शकतो. साठ अंकांच्या वीराला तोच मंत्र जेमतेम पुसतो. मग मंत्राने बरे काय केले? जखम की दैव? 'प्राणांक' हा एका मित्राने सुचविलेला सुबक शब्द मी याच कारणाने टाकून दिला. ज्याचे मूळ काय मोजते हे ठरलेले नाही, त्याला प्राणाचे नाव देणे म्हणजे भाषांतरकाराने ग्रंथकर्त्याची उणीव झाकणे होय.

तथापि या अंकांची निंदा करणे जितके सोपे आहे तितके न्याय्य नाही. त्यांनी कथेला लांबी दिली. पात्र धोक्यात आहे हे दिसावे आणि तरीही त्याने पुढच्या दालनाचे दार उघडावे, ही सोय त्यांनी केली. रंगभूमीवरील 'स्वगत' शेजारच्या पात्राला ऐकू येत नाही हे आपण मान्य करतो, तसलाच हा संकेत आहे. मात्र संकेताची किंमत द्यावी लागते. येथे ती अशी की मारणे आणि मार खाणे दोन्ही स्वस्त होतात.

पुढील काही वर्षांत वास्तवाच्या नावाने बंड झाले. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'चे एक कर्ते स्टीव्ह पेरिन हे मध्ययुगीन शस्त्रयुद्धाचा प्रत्यक्ष सराव करणाऱ्या मंडळींपैकी होते. त्यांच्या नियमांत देहाचे सात भाग पडतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र अंक असतात. वीस बाजूंच्या फाशावर एक ते चार पडले तर उजवा पाय, एकोणीस किंवा वीस पडले तर मस्तक. १९८० च्या 'आर्म्स लॉ' मध्ये तर निरनिराळ्या घावांची कोष्टकेच्या कोष्टके दिलेली आहेत. कोणते हाड मोडले, किती रक्त वाहते, हे सारे तेथे तयार वाक्यांत सापडते. निसर्गवादी कादंबरीकार खोलीतील एकूण एक वस्तूची यादी देतो आणि तरी खोली उभी राहत नाही, त्याची मला येथे आठवण झाली. पाय तुटला हे कोष्टक सांगते. पाय तुटल्याने कोणाचे काय अडले हे सांगण्यास त्याला सवड नसते, कारण तोवर पुढचा फासा पडलेला असतो.

मार्क मिलर यांच्या १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळप्रवासाच्या खेळातील युक्ती मला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे वेगळे अंक नाहीतच. जखम सरळ बळ, चापल्य आणि सहनशक्ती यांतून वजा होते. एक शून्य झाले तर शुद्ध जाते, दोन झाली तर गंभीर इजा, तिन्ही झाली तर मृत्यू. ज्या गुणांवर माणूस उभा असतो तेच घटत जातात. १९९१ च्या 'व्हँपायर: द मास्करेड' ने अंकांऐवजी खरचटण्यापासून लुळे पडण्यापर्यंत सात शब्दांची उतरंड लावली आणि बहुतेक पायऱ्यांवर फासे कमी केले. पण या मार्गावर दुसरा खड्डा आहे. जखमी मनुष्य दुबळा होतो, दुबळा झाल्याने आणखी जखमी होतो, आणि पहिल्या वारातच निकाल लागून उरलेला अर्धा तास केवळ औपचारिक ठरतो. खेळ रचणारे याला मरणाचा भोवरा म्हणतात. वास्तवाच्या दृष्टीने हे खरे असेल. कथेच्या दृष्टीने त्यात हताशपणाखेरीज काही उरत नाही.

येथे मला भासाच्या 'ऊरुभंगा'ची आठवण होते. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संकेत मोडणारे म्हणून ते नाटक आपल्याकडे पुष्कळ चर्चिले गेले; मला त्यातील वेगळाच विशेष महत्त्वाचा वाटतो. दुर्योधनाच्या मांड्या भीमाच्या गदेने भंगल्या आहेत. किती भंगल्या, हे भास मोजीत बसत नाही. आंधळा पिता समोर येतो, तेव्हा पुत्राला उठून वंदन करता येत नाही. तो उठू पाहतो आणि पडतो. पाठोपाठ त्याचा लहान मुलगा दुर्जय धावत येतो व नेहमीच्या सवयीने मांडीवर बसू पाहतो, आणि बापाला त्याला अडवावे लागते. गदायुद्धाचा सारा निकाल त्या क्षणी कळतो. मोडलेली मांडी हे नुकसान. मुलाला बसायला जागा उरली नाही ही जखम. योद्धा म्हणून दुर्योधनाचे जे गेले ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते ते हे की त्या मांडीला युद्धाव्यतिरिक्तही काही काम होते.

इजेच्या नियमाला विचारण्याचा प्रश्न मला यातून मिळाला. आता या माणसाला, या माणसांसमोर, काय करता येत नाही? २०१३ चा 'फेट कोर' आणि जॉन हार्पर यांचा २०१७ चा 'ब्लेड्स इन द डार्क' हे दोन्ही खेळ या प्रश्नाच्या जवळ येतात. पहिल्यात सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन जागा असतात. त्या अनुक्रमे दोन, चार व सहा इतका आघात शोषून घेतात, मात्र त्यासाठी तेथे जखमेचे नाव शब्दांत लिहावे लागते. प्रतिपक्षाला त्या शब्दांचा पुढे फायदा घेता येतो. उपचार सफल झाला की जखम लगेच पुसली जात नाही, तिचे नाव बदलते. मोडलेल्या पायाच्या जागी प्लास्टरात अडकलेला पाय येतो. व्रणाचे असे पुनर्नामकरण मला कोणत्याही कोष्टकापेक्षा खरे वाटते. दुसऱ्या खेळात लिहिलेली जखम प्रस्तुत कृतीच्या आड येत असेल तरच तिचा भार पडतो. मोडका पाय पत्र लिहिताना आड येत नाही, छपरावरून पळताना येतो. मरणाचा भोवराही यामुळे बराचसा टळतो, कारण जखमी माणसाला दुसरे काहीतरी करण्याची वाट मोकळी राहते.

शब्द आला की लबाडीही आली, हे सांगितले पाहिजे. भाषांतराच्या चाचणीसाठी काही विद्यार्थ्यांच्या टेबलाशी मी बसलो होतो. एका तरुणाचे पात्र गच्चीवरून ढकलले गेले. त्याने जखमेचे नाव लिहिले : 'स्वाभिमानाला ठेच'. सगळे हसले, सूत्रधाराने मान डोलावली, आणि पुढचा तासभर ते पात्र दोन्ही पायांनी गच्च्यांवरून पळत राहिले. अंकांना स्मरण नसते हे खरे, पण त्यांना असा विनोदही करता येत नाही. माझे मत असे झाले आहे की जखमेचे नाव जखमी पात्राच्या खेळाडूने एकट्याने ठरवू नये. देहाचा कोणता भाग, हे घाव घालणाऱ्याने सांगावे. त्याने काय अडते, हे घाव सोसणाऱ्याने. नाव या दोहोंनी मिळून पुरे होते.

त्याच टेबलावर एका विद्यार्थिनीचे पात्र कचेरीतील लेखनिक होते आणि आगीत त्याचा हात सापडला. सूत्रधार म्हणाला, उजवा हात. तिने थोडा विचार करून लिहिले : 'बोटे मिटत नाहीत'. दोन प्रसंगांनंतर एका खोट्या पत्रावर सही करण्याची वेळ आली. ती सहज करू शकली असती असा हात आता नव्हता. सही तिच्या सोबत्याला करावी लागली, आणि ते खोटे तेथून पुढे त्याचे झाले. त्या दोघांतील सख्य त्या सहीनंतर पूर्वीसारखे राहिले नाही. खेळाच्या अखेरीस उपचार झाले, तेव्हा तिने जुने नाव खोडून 'अक्षर ओळखू येत नाही' असे लिहिले. सूत्रधाराने ते दोनदा वाचले.

माझ्या भाषांतरात 'हानी' हा शब्द आता फक्त भिंती, दारे व जहाजे यांपुरता उरला आहे. माणसांच्या रकान्यावर मी 'व्रण' असे लिहिले आहे. मूळ पुस्तकात त्या रकान्याला अर्ध्या ओळीची जागा आहे. तीत मराठी वाक्य मावत नाही, म्हणून प्रकाशकांना ती पूर्ण ओळीची करण्यास सुचविले आहे.