वाहतुकीच्या मागणीचे व्यवस्थापन : पुणे शहरातील धोरणांची चिकित्सा

प्रस्तावना :
एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची ओळख होती. आज हे शहर दुचाकी व मोटारींच्या कोंडीसाठी ओळखले जाते. या कोंडीची चर्चा बहुधा अपुऱ्या रस्त्यांपाशी थांबते. रस्ते किती हवेत, हा पुरवठ्याचा प्रश्न; खाजगी वाहनाने इतके प्रवास का करावे लागतात, हा मागणीचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने पुण्यातील धोरणांचा विचार केला आहे.

धोरण आणि व्यवहार :
वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्वीकारले. त्याच वर्षी कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. २००७ मध्ये पीएमटी व पीसीएमटी यांच्या विलीनीकरणातून पीएमपीएमएल अस्तित्वात आली. पुढे महापालिकेने पादचारी धोरण (२०१६), सायकल आराखडा (२०१७) व पार्किंग धोरण (२०१८) मंजूर केले. म्हणजे विचारांची उणीव नव्हती. तथापि पार्किंगचे शुल्क विरोधामुळे मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित झाले आणि तेथील अंमलबजावणीही रेंगाळली. नगर रस्त्यावरील बीआरटी मार्गिका २०२३-२४ मध्ये हटविण्यात आल्या. याउलट विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून तेथे दुमजली पूल उभारण्याचा निर्णय सहज मान्य झाला. जे धोरण नागरिकाला काही देते ते टिकते. जे त्याच्याकडे किंमत मागते ते बारगळते.

मोकळा झालेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो, हे अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच मांडले होते. म्हणून केवळ पुरवठा वाढविणे पुरेसे ठरत नाही.

स्टॉकहोमचा अनुभव :
स्टॉकहोमने २००५ मध्ये आधी बससेवा वाढविली, २००६ मध्ये शहरप्रवेशावर प्रायोगिक शुल्क लावले आणि त्यानंतर सार्वमत घेतले. शुल्करेषा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रारंभी प्रतिकूल असलेले लोकमत अनुभवान्ती बदलले व २००७ मध्ये शुल्क कायम झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी पर्याय, मग अनुभव, शेवटी संमती. पुण्यात पुरेशा बसेसपूर्वीच शुल्काचा प्रस्ताव आला आणि अनुभवापूर्वीच त्याला विरोध झाला. पर्याय न देता मागितलेली किंमत नागरिकांना दंडच वाटली, यात नवल नाही.

निष्कर्ष :
मागणी निर्माण होते ती संस्थांच्या दारात. महाविद्यालये त्यांपैकीच एक होत. एकाच सुमारास भरणारे वर्ग, प्राध्यापकांसाठी विनामूल्य वाहनतळ आणि बसथांब्यापासून प्रवेशद्वारापर्यंतची पदपथाविना वाट, या तिन्ही बाबी बदलण्यासाठी महापालिकेच्या ठरावाची सर्वस्वी वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रक आणि वाहनतळ यांचे नियम तर आपणच करतो. पर्यावरणशास्त्र हा विषय आपण वर्गात शिकवितो. त्याची अंमलबजावणी आपल्या वाहनतळापासून सुरू व्हावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.