पिवळा डॉलर आणि ‘अयोग्य’ हा शब्द

‘सेन्सॉरशिप’ हा शब्द आपण जरा बाजूला ठेवू. २०१७ मध्ये नामांकित कंपन्यांच्या जाहिराती अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर झळकतायत, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवलं. ब्रिटिश सरकारसकट बड्या जाहिरातदारांनी यूट्यूबवरच्या जाहिराती थांबवल्या, आणि नियम कडक झाले.

बंदी घातली तर निदान भांडता येतं. पिवळा डॉलर बंदी घालत नाही. व्हिडिओ राहतो, जाहिराती आटतात. म्हणजे बोला, पण त्यावर पोट भरू नका! युद्धावर गांभीर्याने बोलणाराही त्यात सापडतो. फेरतपासणी मागता येते, पण ती नियम लागू होतो का एवढ्याचीच. नियम न्याय्य आहे का, हे विचारायला खिडकीच नाही. कारण ‘अयोग्य’ याचा तिथला अर्थ ‘जाहिरातदारांसाठी अयोग्य’ एवढाच आहे.

कुणी म्हणेल, या दबावाने चांगलंही घडतं. घडतं ना. २०१९ मध्ये नेस्ले, डिस्ने यांनी जाहिराती थांबवल्या आणि काही दिवसांतच लहान मुलांच्या बहुतेक व्हिडिओंखालच्या कमेंट बंद झाल्या. किळसवाण्या कमेंटच्या तक्रारी मात्र आधीपासून होत्या. आम्हाला खटकतं ते हेच. आईबाप ओरडत होते तेव्हा नाही, चॉकलेटवाला रुसला तेव्हा दार बंद झालं.