दूरचित्रवाणीपुढची बैठक

मालिकांवर लिहिणारे टीकाकार कथानकाची व अभिनयाची चिकित्सा आवर्जून करतात. ती मालिका कोण, कोठे बसून पाहतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते मालिकेचा घाट बऱ्याच अंशी या बैठकीनेच ठरविला आहे.

१९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा संच मोजके होते आणि वाहिनी एकच. पाहणे म्हणजे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात सतरंजीवर दाटीने बसणे. चि. वि. जोशींचे चिमणराव व गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आले ते अशा बैठकीपुढे. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या त्या विनोदाला दहा माणसांच्या हशाची जोड मिळाली, हे त्याचे मोल ठरविताना विसरता येत नाही. १९८७-८८ मधील रविवारचे ‘रामायण’ ही तीच सतरंजी. फक्त देशभर अंथरलेली.

परप्रांती नोकरी करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र त्या काळी हिंदी राष्ट्रीय कार्यक्रमच आला. मराठी आमच्या घरी पोहोचली ती उपग्रहवाहिन्यांमुळे, १९९० नंतरच्या दशकात. पुढे मालिका रोजची झाली. प्रेक्षकाचा एक डोळा फोडणीवर. म्हणून लेखकाने कालचे आज पुन्हा सांगायचे, आणि एकच दचकलेला चेहरा तीनदा दाखवायचा. कलादृष्ट्या हे पाल्हाळच होय, आणि आम्हीही त्याची यथेच्छ थट्टा केली आहे. परंतु हिंदी वा बंगाली शाळांत शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या कानांवर ‘अहो’ आणि ‘अगं’ यांतला फरक पडला, तो याच पाल्हाळातून!

आता नातवंडे कानांत यंत्र घालून भ्रमणध्वनीवर अख्खी मालिका एका रात्रीत संपवितात. त्यांना एकलकोंडी म्हणणे आम्हांस पटत नाही. कादंबरीचा वाचक तरी दुसरे काय करतो? असा प्रेक्षक मागचे विसरत नाही, म्हणून लेखकालाही पुनरुक्ती करावी लागत नाही. घाटाच्या दृष्टीने हा लाभच आहे. आमची तक्रार निराळी आहे. दिवाणखान्यातल्या संचावरची मराठी न मागता कानी पडत असे. कानांतल्या यंत्रात जी भाषा मागावी तीच येते, आणि दिल्ली-कलकत्त्यात वाढलेले मूल मराठी आपण होऊन क्वचितच मागते. आजी सात वाजता आपली मालिका लावते. तेवढा अर्धा तास बैठकीच्या खोलीत ती एकटीच असते.