कागदाची दोन कुळे : सोंग, बाशिंग आणि यंत्राने कापलेले चिलखत

वेशभूषेसाठी कागदाची चिलखते, शिरस्त्राणे आणि ढाली तयार करण्याची हौस अलीकडे शहरांतील तरुण वर्गात रुजली आहे. ज्याला व्यवहारात ‘कटिंग मशीन’ म्हणतात, ते कागद कापण्याचे घरगुती यंत्र या हौसेचे मुख्य साधन होऊन बसले आहे. या कामाविषयी दोन मते सामान्यतः ऐकू येतात. यंत्राच्या अचूकतेमुळे हस्तकौशल्याच्या मर्यादा ओलांडल्या गेल्या, असे एक मत. यंत्राने काम केले म्हणजे त्यात कला उरलीच नाही, असे दुसरे. दोन्ही मते यंत्राभोवती घुटमळतात आणि ज्या द्रव्याची वस्तू घडावयाची त्या कागदाकडे पाहातच नाहीत. प्रस्तुत लेखात हा प्रश्न द्रव्याच्या अंगाने पाहावयाचा आहे. त्यासाठी नाशिक परिसरातील दोन जुनी कागदकामे, म्हणजे बोहाड्यातील मुखवटा आणि वीराच्या मस्तकावरील बाशिंग, ही कसोटी म्हणून समोर ठेवणे उपयुक्त ठरेल.

प्रथम यंत्राच्या कार्याचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. चिलखताची त्रिमिती आकृती संगणकावर सिद्ध असते. ‘पेपाकुरा’सारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने ती उलगडून सपाट तुकड्यांत मांडली जाते. प्रत्येक तुकड्याला डिंक लावण्यासाठी कडेची पट्टी असते, पट्टीवर जोडक्रमांक असतो, आणि उंच घडी कोणती व खोल घडी कोणती हे निरनिराळ्या रेघांनी दाखविलेले असते. यंत्रातील बारीक पाते जाड कार्डशीट कापते आणि घडीच्या रेघेवर तुटक छेद देते. प्रचारातील पुष्कळशा यंत्रांची कापणीची रुंदी सुमारे १२ इंच असते. त्यामुळे छातीचा पत्रा एकसंध निघत नाही, तो अनेक तुकड्यांचा बनतो. कात्रीने ज्या कामाला अनेक संध्याकाळी लागाव्या ते काम यंत्र थोड्या वेळात करते, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु घडी घालणे, चिकटविणे आणि आकार सावरून धरणे ही कामे हातांकडेच राहतात. आकार ठरविण्याचे काम तर कागदाला स्पर्श होण्यापूर्वीच झालेले असते, आणि बहुधा ते दुसऱ्या कोणीतरी केलेले असते.

येथे भूमितीचा एक सिद्धांत आठवावा लागतो. पृष्ठाची वक्रता न ताणता, न फाडता बदलता येत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सपाट कागद नळीसारखा किंवा शंकूसारखा वळतो. नारळाच्या करवंटीसारखा तो वळत नाही. दोन्ही दिशांनी फुगणारा आकार हवा असल्यास कागदाला चिरा द्याव्या लागतात अथवा लहानलहान सपाट पैलूंनी त्या आकाराचा आभास निर्माण करावा लागतो. मानवी खांदा, मस्तक आणि छाती ही तिन्ही स्थाने नेमकी अशीच दुहेरी वक्रतेची आहेत. यंत्राचे पाते कितीही सूक्ष्म असले तरी कागदाच्या या स्वभावावर त्याची मात्रा चालत नाही.

आता बोहाड्याकडे वळावे. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आदी भागांत, तसेच लगतच्या जव्हार-मोखाडा परिसरात, कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाजांत सोंगांचा हा उत्सव होतो. काही ठिकाणी तो ‘आखाडी’ या नावाने ओळखला जातो. उन्हाळ्याच्या दिवसांतील रात्री, मशालींच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर गणपती, सरस्वती, मारुती, रावण अशी सोंगे एकामागून एक येतात, आणि देवी व महिषासुर यांच्या युद्धाने उत्सवाची परिणती होते. यांतील काही मुखवटे लाकडाचे, तर पुष्कळसे कागदाच्या लगद्याचे असतात. लगद्याचा विशेष हा की कागदाचा ‘ताव’ हा धर्म त्यात नाहीसा झालेला असतो. भिजून, कुटून, चिकट द्रव्यात कालवून तो मातीच्या जवळ जातो. ज्या घरांत मेथीचे पीठ घालून लगद्याने टोपल्या लिंपण्याची चाल होती, तेथील स्त्रियांना हा धर्म पुरता ठाऊक होता. म्हणून राक्षसाचे गाल फुगतात, भुवया उचलल्या जातात, नाकपुड्या विस्फारतात. गाउसचा निर्बंध तेथे लागू पडत नाही. मुखवटा तडकला तर त्यावर पुन्हा लगदा चढविता येतो, रंग उडाला तर पुन्हा देता येतो. शिवाय हा आकार हलत्या ज्वाळेच्या प्रकाशात, दुरून, नाचत्या देहावर पाहावयाचा असतो. म्हणून त्याची वळणे ठळक आणि रंग भडक असणे हा दोष ठरत नाही, ती त्याची गरज आहे.

परंतु यावरून लगदा हेच कागदाचे खरे रूप, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंपरेत कागदाचे दुसरेही एक कूळ आहे. नवरदेवाच्या कपाळावरील बाशिंग हे कागद, बेगड आणि जरी यांच्या कापकामातून उभे राहते. त्याची सगळी शोभा काठाच्या रेषेत, कातरीच्या नक्षीत आणि थरांच्या मांडणीत असते. कपाळाभोवती ते एकाच दिशेने वळते. म्हणजे तावाला जेवढी वक्रता सहज सोसते तेवढीच ते मागते. धुलिवंदनाच्या दिवशी नाशिक शहरात वीरांची मिरवणूक निघते. तिच्यातील दाजीबा वीर ‘बाशिंगे वीर’ म्हणूनच विख्यात आहे. त्याच दिवशी घराघरांतील मुलांना देवांची व वीरांची सोंगे दिली जातात. पुठ्ठ्याचा मुकुट, चंदेरी कागद लावलेली गदा, छातीवर बांधलेले कवच हे साहित्य सर्वांच्या परिचयाचे आहे. या वस्तूंनी खऱ्या धातूचा भ्रम निर्माण करण्याचा आटापिटा कधी केला नाही. वीराची खूण पटावी, एवढेच त्यांचे प्रयोजन होते आणि ते त्या चोख बजावीत.

या दोन कुळांचा भेद मान्य केला म्हणजे यंत्रकृत चिलखताचे परीक्षण सोपे होते. यंत्र हे निःसंशय बाशिंगाच्या कुळातील आहे. त्याचे सामर्थ्य काठाच्या रेषेत आणि नक्षीच्या पुनरावृत्तीत आहे. प्रचारातील बहुसंख्य नमुने मात्र त्याच्याकडून मुखवट्याच्या कुळाचे काम मागतात. परदेशी चित्रपटांतील वा संगणकीय खेळांतील नायकांची, युरोपीय वळणाच्या फुगीर स्कंधत्राणांची चिलखते शेकडो पैलूंत फोडली जातात; मग ते पैलू लपविण्यासाठी त्यांवर राळ, लुकण आणि रंग यांचे थर द्यावे लागतात. अखेरीस कागद नुसता आतला सांगाडा उरतो. त्यात आणखी एक अडचण आहे. नमुना परिधान करणाऱ्याच्या उंचीनुसार लहानमोठा केला जातो, परंतु उंची जुळली म्हणून छातीचा घेर आणि खांद्याची रुंदी जुळतेच असे नाही. परिणामी पुष्कळ चिलखते उभे राहून छायाचित्र काढण्यापुरती शोभतात. हात वर करताच किंवा खाली बसताच ती आपला कृत्रिमपणा उघड करतात. ज्या वेशात चालता-नाचता येत नाही तो वेश सोंगाच्या मूळ हेतूलाच मुकतो.

या टीकेचा रोख यंत्रावर नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. इराण, मोगल साम्राज्य आणि दख्खन येथे प्रचलित असलेले ‘चार आईना’ हे संरक्षक कवच पाहावे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर एकेक अशा चार पत्र्यांचे ते बनलेले असे. पत्रे सपाट किंवा एकाच दिशेने किंचित वळलेले असत, काखेखाली त्यांना खोलगट काप असे, आणि ते पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडून कड्यांच्या चिलखतावर बांधले जात. हा आकार तावाच्या स्वभावाशी किती जुळता आहे, हे वेगळे सांगावयास नको. चारही पत्रे सुटे असल्याने देह मोकळा राहतो; माप पट्ट्यांनी कमीजास्त होते; आणि कडेची वेलबुट्टी ही तर यंत्राच्या पात्याची खास जहागीर. उलट कातडी ढालीची घुमटी किंवा शिरस्त्राणाचा गोलावा लगद्याकडे सोपविणे शहाणपणाचे ठरेल. कड्यांचे विणलेले चिलखत तर दोन्ही कुळांच्या आवाक्याबाहेरचे असून ते सुतालाच साधते. अशा रीतीने एकाच वेशात ताव, लगदा आणि सूत यांनी आपापला अधिकार सांभाळला, तर यंत्रही त्या संसारात सुखाने नांदू शकेल.

असे असता ‘चार आईना’ दुर्लक्षित राहतो आणि परकीय स्कंधत्राणाचे नमुने हातोहात जातात, याचे कारण अभिरुचीपेक्षा सुलभतेत शोधावयास हवे. तयार आराखडा ज्याचा मिळतो त्याचेच चिलखत होते. हाताने काम करणारा कारागीर आकार उसना घेत असे तेव्हाही तो आपल्या हाताच्या वळणातून त्याला पार करीत असे. यंत्राकडे दिलेला आराखडा जसाच्या तसा बाहेर येतो. म्हणून यंत्राच्या युगात आराखडा करणाऱ्याची जबाबदारी कमी झालेली नाही. ती वाढली आहे. बोहाड्यातील सोंगाचा मान ठराविक घराण्याकडे असे, त्यामुळे त्या आकाराची राखणही कोणाकडे तरी असे. आराखड्याच्या बाबतीत तशी राखण आज कोणाचीच नाही.

या विवेचनातून निघणारा निकष थोडक्यात असा मांडता येईल : कागदी चिलखताची योग्यता त्याच्या कापणीच्या अचूकतेवरून ठरू नये, आकार, द्रव्य आणि देह या तिहींचा मेळ त्यात किती बसला आहे यावरून ती ठरावी. या निकषावर आजचे पुष्कळसे यंत्रकाम उणे ठरते, आणि धुलिवंदनाच्या दिवशी पुठ्ठ्याचे कवच बांधून होळीभोवती नाचणारे पोर पूर्ण गुणांनी उतरते. संग्रहालयांतील कवचे मोजून, त्यांचे आराखडे देहाच्या मापाने नव्याने सिद्ध करणे हे अभ्यासकांच्या हातचे काम आहे. ते झाले, तर घरगुती यंत्र नकलेचे साधन न राहता बाशिंगाच्या कुळाचा कर्तबगार वारस ठरेल.